पुडीतल्या गोळ्या आणि कानातला आवाज

पंख्याचं बेअरिंग गेलं, असं मला वाटलं. ऑगस्ट २०२४, रात्रीचे अडीच. सांधे इतके आखडले होते की उठवेना, म्हणून बायकोला हाक मारून पंखा बंद करायला लावला. पंखा थांबला. शिट्टी तशीच चालू. तेव्हा कळलं, ती माझ्याच कानातली आहे.

कानात आवाज येणं मला नवं नव्हतं. मी इचलकरंजीचा. एकोणिसाव्या वर्षी यंत्रमागावर उभा राहिलो आणि सोळा वर्षं साधे माग चालवले. एका माणसाकडे चार माग, शेडमध्ये चोवीस. आडवं सूत नेणारा धोटा या टोकाच्या पेटीतून त्या टोकाच्या पेटीत मिनिटाला दीडशेच्या आसपास वेळा आदळतो, आणि तसे चोवीस धोटे. ज्यानं ती शेड आतून ऐकली नाही त्याला सांगून कळायचं नाही. शेजारच्या कामगाराशी बोलायचं तर ओठ वाचायचे, नाहीतर दारापर्यंत यायचं. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे. साध्या मागांच्या शेडमध्ये ती सहसा माग चालू झाल्याबरोबर ओलांडली जाते. आम्ही कानात सुताचा बोळा कोंबायचो. त्यानं काही अडत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

२००६ साली मी मागावरून उठलो आणि कारखान्यातच दिवाणजी झालो. सुताची आवक, कापडाचे मीटर, आठवड्याचा पगार, सगळं लिहायचं काम. काचेआड बसायला मिळालं. तरी तीनेक वर्षांनी रात्री उशीला डोकं टेकलं की बारीक ‘चिंऽऽ’ ऐकू यायला लागलं. रातकिडा घरात शिरला म्हणून मी दोन रात्री कोपरे धुंडाळले होते.

२०१२ मध्ये मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. बंद खोलीत बसवून, कानाला हेडफोन लावून, आवाज आला की बटण दाबायचं अशी तपासणी झाली. कागदावर आलेख आला. जाड, ढोल्या आवाजांपर्यंत रेघ ठीक होती. ४००० हर्ट्‌झला ती एकदम खाली गेली होती, उजव्या कानात ५० डेसिबलपर्यंत, डाव्यात ५५ (आकडा जितका मोठा तितकं ऐकणं कमी). त्याच्या पुढे थोडी वर. कारखान्यातल्या आवाजानं गेलेल्या कानाचा आलेख असाच दिसतो, ४००० ला खड्डा. त्याबरोबर येणाऱ्या आवाजाला कर्णनाद म्हणतात. डॉक्टर म्हणाले, कानाकडून जे येणं बंद झालंय त्या जागी मेंदू स्वतःचं काहीतरी वाजवत बसतो. तो आवाज पुसून टाकणारी गोळी नाही, पण सवय होते.

सवय झालीही. रात्री आकाशवाणी सांगली अगदी हळू लावून ठेवायचो, केंद्र बंद झालं की पंखा. दिवसा कामात तो आवाज आठवायचाही नाही. बारा वर्षं आमचं बरं चाललं होतं.

मग चिकुनगुन्या झाला. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळं घराघरात पिंपं भरून ठेवलेली. चिकुनगुन्या पसरवणारा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. त्या वर्षी राज्यभर चिकुनगुन्या फार होता, आमच्या गल्लीत सहा घरांत. पहिल्या दिवशी १०३ ताप आणि मनगटं, घोटे, बोटं अशी धरली की शर्टाचं बटण लावता येईना. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं, डेंगी नाही असं आलं. तोवर डॉक्टरांनी फक्त पॅरासिटामॉल दिलं होतं. त्यामागचं कारण प्रत्येकाला माहीत पाहिजे. डेंगीत प्लेटलेट कमी होतात, आणि ॲस्पिरिन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. म्हणून डेंगी नाही हे पक्कं होईपर्यंत पॅरासिटामॉलच. इथपर्यंत सगळं रीतसर झालं.

ताप चार दिवसांत उतरला. सांधे राहिले. सकाळी मूठ वळायची नाही, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरावा लागायचा. दिवाणजीच्या हातात पेन धरवेना म्हटल्यावर घरात काळजी सुरू झाली, आणि काळजी सुरू झाली की औषधं चारी दिशांनी येतात.

माझ्याकडे तीन वाटांनी आली. पहिली वाट गल्लीतल्या दवाखान्याची. तिथं कागदाच्या पुड्या मिळतात. सकाळ-संध्याकाळ एक पुडी, पुडीत एक पांढरी, एक पिवळी, एक अर्धी तोडलेली गुलाबी. नाव कशालाच नाही. दुसरी वाट मेडिकलची. मुलगा जाऊन ‘सांध्याची गोळी द्या’ म्हणाला. दुकानदारानं पट्टीतून कात्रीनं सहा गोळ्या कापून दिल्या. त्या तुकड्यावर नावाची शेवटची तीन अक्षरं आली होती. मिलिग्रॅमचा आकडा आणि मुदतीची तारीख दुकानातल्या अर्ध्या पट्टीवर राहिली. तिसरी वाट मेहुण्यांची. त्यांच्या वडिलांना जुना संधिवात, त्यांच्याकडे पाण्यात फसफसून विरघळणारी गोळी असायची. ‘दाजी, हिनं आमच्या आण्णांचे हात मोकळे झाले,’ म्हणून ते डबीच देऊन गेले. दोन गोळ्या दिवसातून तीनदा. शिवाय तापातलं पॅरासिटामॉल ६५० चालू होतंच, ते थांबवायला कुणी सांगितलं नव्हतं.

खरं सांगायचं तर आराम पडला. तिसऱ्या दिवशी मी पेन धरलं, दोन पानं लिहिली. बायको म्हणाली, ‘अहो, आज तुम्ही मोठ्यानं बोलताय.’ माझं लक्ष गेलं नाही. चौथ्या दिवशी फोनवर समोरचा माणूस कांबळ्यातून बोलतोय असं वाटलं. सहाव्या रात्री ती शिट्टी. जुना चिंऽऽ मी ओळखतो, हा वेगळा होता. जास्त जाड, दोन्ही कानांत आणि डोक्याच्या मधोमध, रेडिओच्या वर चढणारा. आणि झोपलेला माणूस जागा करणारा.

सकाळ होईपर्यंत मी ठरवून टाकलं की यापुढे एकही गोळी नाही. जे होतं ते सगळं एका पिशवीत कोंबलं आणि कपाटावर टाकलं.

ही माझी दुसरी चूक, आणि तिच्याबद्दल मला जास्त सांगायचंय, कारण कानात आवाज असलेली माणसं बहुतेक हीच चूक करतात. आपल्या मनात एक भीती बसलेली असते की कानाला आणखी काही झालं तर उरलेली शांतताही जाईल. त्या भीतीनं आपण दुखणं सोसत बसतो. पुढचे तीन दिवस मी तेच केलं. दुखण्यानं झोप नाही. झोप नाही म्हणून जबडा आवळलेला, मान ताठ. रात्रभर जागा, आणि जागा म्हणजे आवाज ऐकत बसलेला. गोळ्या बंद करून तीन दिवस झाले तरी मला आवाज तेवढाच वाटत होता, कधी जास्तच. गोळ्यांचा वाटा उतरत होता आणि त्या जागी जागरणाचा चढत होता, हे नंतर कळलं. तिसऱ्या दिवशी वहिनींनी लसूण घातलेलं कोमट तेल आणलं, कानात सोडायला. मुलगी मध्ये पडली, म्हणाली, ‘आधी मिरजेला चला.’

फोन करून वेळ घेतली तेव्हा तिकडून एकच सूचना आली: घरात जेवढी औषधं आहेत तेवढी घेऊन या, रिकाम्या पट्ट्यासुद्धा. कपाटावरची पिशवी काढली.

कानाच्या डॉक्टर मॅडमनी आधी कानात बघितलं, मळ नव्हता. तेलाचं सांगितल्यावर त्या स्पष्ट बोलल्या, कानात काहीही ओतायचं नाही. मग त्यांनी तीन प्रश्न विचारले. आवाज एकाच कानात आहे का? नाडीच्या ठोक्याबरोबर धपधप होतं का? ऐकू येणं एका दिवसात, अचानक गेलं का? मी तिन्हीला नाही म्हटलं. यातल्या कशाचंही उत्तर हो असतं तर वाट वेगळी असती. विशेषतः एका कानाचं ऐकणं अचानक गेलं तर दोन-तीन दिवससुद्धा थांबायचं नसतं, त्यावरचा इलाज जितका लवकर तितका उपयोगाचा.

त्यानंतर त्यांनी पिशवी टेबलावर उलटी केली. ते दृश्य मी विसरणार नाही. कापलेल्या पट्ट्यांचे तुकडे, दुमडलेल्या पुड्या, फसफसणाऱ्या गोळ्यांची डबी. त्यांनी कोरा कागद घेतला आणि माझ्यासमोर बेरीज मांडली, मी सुताच्या गठ्ठ्यांची मांडतो तशी. विरघळणारी गोळी म्हणजे ॲस्पिरिन, एका गोळीत ३५० मिलिग्रॅम, दिवसाला सहा, म्हणजे २१०० मिलिग्रॅम. मेडिकलच्या तुकड्यावरची शेवटची अक्षरं बघून त्यांनी ओळखलं, ॲसिक्लोफिनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५ एकत्र, दिवसाला दोन. पुडीसाठी त्यांनी दवाखान्यात फोन लावला, पिवळी गोळी डायक्लोफिनॅक ५० निघाली, तीही दोन. ॲस्पिरिन, ॲसिक्लोफिनॅक, डायक्लोफिनॅक, तिन्ही एकाच भावकीतल्या, सूज आणि दुखणं कमी करणाऱ्या. आणि पॅरासिटामॉल मी एकच समजत होतो, ते दोन वाटांनी पोटात जात होतं, ६५० च्या चार आणि जोडगोळीतलं वेगळं, मिळून दिवसाला ३२५० मिलिग्रॅम. धडधाकट माणसाला ४००० ही वरची हद्द. यकृताचं दुखणं किंवा रोजची दारू असेल तर त्याहून बरीच खाली.

‘काका, तुम्ही एक औषध तीन नावांनी घेत होतात,’ त्या म्हणाल्या.

ॲस्पिरिनबद्दल त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी थक्क झालो. १८९९ पासून हे औषध या नावानं बाजारात आहे. जुन्या काळी संधिवाताच्या पेशंटला डॉक्टर ॲस्पिरिन वाढवत न्यायचे, कान वाजायला लागले की थांबायचे आणि तिथून थोडं खाली आणायचे. कान वाजणं हीच त्यांची मोजपट्टी होती. म्हणजे जास्त मात्रेत ॲस्पिरिन कान वाजवतं ही गोष्ट शंभर वर्षांपासून माहीत आहे, फक्त आमच्या घरात कुणाला माहीत नव्हती. आतल्या कानात आवाज वाढवून देणाऱ्या बारीक केसपेशी असतात, त्यांचं काम या औषधानं मंदावतं. औषध अंगातून गेलं की बहुतेकदा त्या सावरतात. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन या गोळ्यांनीही काहींना असं होतं, मात्रा आणि दिवस वाढले की शक्यता वाढते.

‘बहुतेकदा सावरतात’ हा शब्द ऐकून मला रडू आलं. बायकोनं हात धरला.

त्यांनी एक फरकही समजावला, तो मी तेव्हापासून दहा जणांना सांगितला असेल. काही औषधं केसपेशींना दमवतात आणि काही त्यांना मारतात. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शनं, कॅन्सरमधलं सिस्प्लॅटिन, ही दुसऱ्या जातीची. त्यांत गेलेल्या पेशी परत येत नाहीत. मला लगेच आमच्या कारखान्यातला माग दुरुस्त करणारा एक जुना जॉबर आठवला. टीबीची इंजेक्शनं झाल्यावर त्याचं ऐकणं गेलं ते गेलंच. आम्ही सगळे ते मागाच्या खात्यावर लिहीत आलो होतो. अर्थात ही औषधं जीव वाचवण्यासाठी देतात, आपण भिऊन नाकारायची नसतात. पण कानाचं आधी सांगितलं तर डॉक्टर तपासणी करत करत देतात, शक्य असेल तिथं दुसरं निवडतात.

मी विचारलं, मग पॅरासिटामॉल पूर्ण सुरक्षित ना? त्यांनी हो म्हणून टाकलं नाही, याचा मला आदर वाटला. अमेरिकेत नर्सेसवर वर्षानुवर्षं चाललेला एक मोठा अभ्यास आहे. त्यातला कर्णनादाबद्दलचा भाग २०२२ मध्ये छापून आला, जवळपास ७० हजार स्त्रिया, वीसेक वर्षांची नोंद. आठवड्यातले सहा-सात दिवस वेदनाशामक घेणाऱ्यांत कर्णनाद होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा शेकडा २० च्या आसपास जास्त आढळलं, आणि त्यात आयबुप्रोफेनच्या जातीच्या गोळ्यांबरोबर पॅरासिटामॉलही होतं. हृदयासाठीच्या रोजच्या छोट्या ॲस्पिरिननं मात्र तसं दिसलं नाही. गोळीमुळंच कान वाजला हे अशा अभ्यासानं सिद्ध होत नाही, ज्याला रोज गोळी लागते त्याला दुखणीही जास्त असतात. पण ‘रोज’ या शब्दाकडे लक्ष द्या, असं त्या म्हणाल्या. माझ्यासारख्याला पॅरासिटामॉल पहिलं, हे खरं. ठरलेल्या मात्रेत आणि ठरलेल्या दिवसांसाठी, हेही तितकंच खरं.

हृदयावरून मला थोरल्या भावाची आठवण झाली. त्यांचं बायपास झालंय, रोज ॲस्पिरिन ७५ चालू. माझा प्रकार कळल्यावर तेही ती बंद करायच्या बेतात होते. मॅडमनी माझ्यासमोरच त्यांना फोनवर निक्षून सांगितलं, ती गोळी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही सोडायची नाही.

कानाची तपासणी झाली. जुना २०१२ चा कागद मी जपून ठेवला होता, तो शेजारी ठेवला. ४००० चा खड्डा आता ६५ पर्यंत उतरला होता. पण मॅडमचं बोट दुसरीकडे गेलं, २५० ते १००० च्या जाड आवाजांवर. तिथं पूर्वी रेघ २० वर होती, आता ३५. ‘हे मागाचं काम नाही,’ त्या म्हणाल्या. ‘हे गोळ्यांचं. हे परत येईल असं मला वाटतं.’

तिथून त्यांनी फिजिशियनकडे पाठवलं, आणि कानाच्या नादात मी बाकीचं शरीर विसरलो होतो ते तिथं समोर आलं. मी ब्लडप्रेशरसाठी टेल्मीसार्टन घेतो. प्रेशर १६०/९६ निघालं, आणि किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन १.४, म्हणजे वाढलेलं. या भावकीतल्या गोळ्या प्रेशर चढवतात, प्रेशरच्या गोळीचं काम बिघडवतात आणि दोन्ही मिळून किडनीवर ताण आणतात. कानानं ओरडून सांगितलं म्हणून मी थांबलो. किडनीला ओरडता येत नाही.

दुखण्याचं काय, हा प्रश्न होताच. फिजिशियन म्हणाले, दुखणं सोसायचं नाही, त्याचा बंदोबस्त करायचा, पण एका वेळी एकच बदल. त्याची नोंद ठेवा. नोंद ठेवणं हा माझा धंदाच. कीर्दीच्या वहीचीच कोरी पानं घेतली आणि रकाने आखले: तारीख, गोळीतलं औषध, मिलिग्रॅम, किती वाजता, दुखणं दहापैकी किती, आवाज दहापैकी किती, झोप किती तास, प्रेशर. कंपनीचं नाव लिहायचं नाही, औषधाचं लिहायचं, हा माझा स्वतःचा नियम. पट्टीच्या मागं बारीक अक्षरात जे असतं ते. एकाच औषधाची वीस नावं असतात आणि नावानं ओळखायला गेलो की माझ्यासारखं होतं.

पहिले दोन आठवडे पॅरासिटामॉल ६५०, आठ-आठ तासांनी, दिवसाला तीनच. दुखणं आठवरून सहावर. आवाज पहिल्या आठवड्यात नऊवरून सातवर. त्यात डायक्लोफिनॅकचं मलम जोडलं, बोटांना, मनगटांना, गुडघ्यांना. वरून लावलेल्या मलमातलं रक्तात फार थोडं जातं, तोंडानं घेतलेल्याच्या मानानं साधारण ६ टक्के, आणि हाताचे-गुडघ्याचे सांधे कातडीच्या जवळ असल्यानं तिथं त्याचा उपयोग होतो. कंबरेसारख्या खोल जागी तेवढा नाही. हाताला लावलं की तासभर हात धुवायचे नाहीत. त्या महिन्याच्या वहीची पानं अजून तेलकट आहेत, उजव्या कोपऱ्यात माझ्या अंगठ्याचे डाग आहेत.

सकाळी बायको निर्गुडीचा पाला घालून पाणी उकळायची. कोमट झाल्यावर त्यात दोन्ही हात बुडवून मूठ उघड-मीट, दहा मिनिटं. फिजिओथेरपीच्या ताईंनी तेच सांगितलं होतं, पाला आमच्या घरचा. निर्गुडीनं किती आणि गरम पाण्यानं किती, ते वेगळं काढता येत नाही. वहीत एवढं दिसतं की तो शेक सुरू केल्यापासून सकाळचा आखडलेपणा दोन तासांवरून पाऊण तासावर आला. शेजाऱ्यांनी काळ्या गोळ्यांची एक बाटलीही आणून दिली होती, ‘देशी आहे, निर्धोक’ म्हणून. लेबल नव्हतं. अशा बेनामी औषधांत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेलं सापडतं, हे फिजिशियननी आधीच सांगितलं होतं. बाटली मी परत केली. शेजारी थोडे दुखावले.

पाचव्या आठवड्यात उजवं मनगट पुन्हा सुजलं, दुखणं सातवर. क्रिएटिनिन तोवर १.० वर आलं होतं, प्रेशर १३०/८४. तेव्हा फिजिशियननी नेप्रोक्सेन २५० दिलं, सकाळ-रात्र, जेवणावर, पोटाच्या गोळीसोबत, मोजून पाच दिवस. मला भीती वाटली हे लपवत नाही. त्यांनी कागदावर लिहून दिलं: आवाज दोन अंकांनी वाढला तर बंद करा आणि फोन करा. ती ओळ हातात होती म्हणून मी गोळी गिळू शकलो. वहीतले आकडे असे आहेत. नेप्रोक्सेन सुरू करण्याआधी आवाज चार. पहिला दिवस चार, दुसरा चार, तिसरा पाच, चौथा पाच, पाचवा पाच. थांबवल्यावर दुसऱ्या दिवशी चार. मनगट सातवरून तीनवर. झोप साडेसहा तास, चिकुनगुन्यानंतरची पहिली सलग झोप. हे माझ्या शरीराचे आकडे, दुसऱ्याचे वेगळे येतील. पण ज्या जातीच्या गोळ्यांना मी विष ठरवून बसलो होतो, त्यातलीच एक, एकटी, कमी मात्रेत, देखरेखीखाली मला चालली.

तीन महिन्यांनीही सांधे सुटले नसते तर हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या सांध्यांवरच्या दुसऱ्या औषधाचा विचार होणार होता. त्यानंही काहींचे कान वाजतात, हे त्यांनी मी न विचारता सांगितलं. तशी वेळ आली नाही.

सहाव्या आठवड्यात पुन्हा मिरज. बंद खोली, हेडफोन, बटण. जाड आवाजांची रेघ २० वर परत आली होती. ४००० चा खड्डा ६० वर थांबला, आधीच्या ५०-५५ पर्यंत गेला नाही. त्यातलं वयाचं किती, मधल्या वर्षांचं किती आणि गोळ्यांचं किती, हे मॅडमनाही सांगता येईना, आणि त्यांनी उगीच काही सांगितलंही नाही. आवाज आता बहुतेक दिवशी तीन. रेडिओखाली दबतो.

निघताना त्यांनी व्हिजिटिंग कार्डाएवढ्या कागदावर लिहून दिलं: ‘दोन्ही कानांत कर्णनाद, आवाजामुळं श्रवणदोष, रक्तदाब. जास्त मात्रेचं ॲस्पिरिन टाळा. एकाच जातीची दोन वेदनाशामकं एकत्र नकोत. जेंटामायसिन, अमिकासिन देण्याआधी कानाच्या डॉक्टरांना विचारा.’ मी तो लॅमिनेट करून आधार कार्डामागं ठेवलाय.

या फेब्रुवारीत अक्कलदाढ काढावी लागली. खुर्चीत बसण्याआधी तो कागद दंतवैद्यांच्या हातात दिला. त्यांनी दोनदा वाचला आणि आधी लिहिलेली चिठ्ठी बाजूला ठेवून नवी लिहिली. पॅरासिटामॉल ६५० आठ तासांनी, तीन दिवस. आयबुप्रोफेन ४०० च्या दोनच गोळ्या, पॅरासिटामॉलनं भागलं नाही तरच, जेवण झाल्यावर, आणि तीही प्रेशर मोजून. मेडिकलमधल्या पोरानं सवयीनं कात्री उचलली. मी म्हटलं, ‘बाळा, कापलीस तरी चालेल, पण नाव, मिलिग्रॅम आणि तारीख माझ्या बाजूला राहू दे.’ त्यानं पट्टी फिरवून बघितली, दुसऱ्या टोकाकडून कापली आणि तुकडा माझ्यासमोर धरून विचारलं, ‘काका, असं चालतंय का?’

त्या रात्रीची नोंद: पॅरासिटामॉल ६५०, दुपारी २ आणि रात्री १०. आयबुप्रोफेन ४००, एक, रात्री ९, जेवणानंतर. प्रेशर १३२/८४. दुखणं ५, झोपताना ३. आवाज ३. झोप ६ तास. एक गोळी शिल्लक.